फोटॉन पोचले, पण किल्ली कुठाय?

सेमिनारला मी क्वांटम की डिस्ट्रिब्यूशन हा विषय घेतला होता. बेनेट आणि ब्रासार्ड यांनी १९८४ मध्ये ही पद्धत बंगळूरच्या एका परिषदेत मांडली, हेही ऐटीत सांगितलं. "कोणी मधेच फोटॉन मोजले की चुका होतात आणि चोर पकडला जातो," असं म्हणून मी थँक्यू म्हणणार, तोच सरांनी विचारलं, "चोर नसेल तर चुका होतच नाहीत?" माझी बोलती बंद!

होतात. फायबर आणि डिटेक्टर काही आदर्श नसतात. म्हणून फोटॉन पोचले तरी किल्ली तयार नसते. ती पुढे साध्या कॉम्प्युटरवर बनते.

पहिली पायरी चाळणी. पाठवणारा आणि घेणारा, दोघंही प्रत्येक फोटॉनसाठी दोनपैकी एक बेसिस मनाने निवडतात. नंतर फक्त बेसिस जाहीर करायचे आणि न जुळलेले बिट टाकून द्यायचे. पोचलेल्या १००० पैकी साधारण ५०० उरतात. त्यातले थोडे उघड करून चुका मोजतात. चोराने प्रत्येक फोटॉन मोजून पुन्हा पाठवला, तर सुमारे २५ टक्के चुका दिसतात. ११ टक्क्यांच्या आसपास गेलं, की नेहमीच्या पद्धतीने सुरक्षित किल्ली निघत नाही. सगळं रद्द!

त्याखाली असेल तर दुरुस्ती. बिटांचे गट पाडून पॅरिटी जुळवायची. जुळली नाही तर गट अर्धा-अर्धा करत चुकलेला बिट गाठायचा. पण पॅरिटी उघड्यावर सांगितली, म्हणजे तेवढी माहिती फुटलीच!

म्हणून शेवटी किल्ली आखडतात. समजा, दोन बिटांपैकी एकच चोराला ठाऊक आहे. दोघांचा एक्सॉर घेतला, तर त्या उत्तराबद्दल त्याला काहीच कळत नाही. प्रत्यक्षात हेच काम मोठ्या प्रमाणावर हॅश फंक्शन करतं.

मात्र ही सगळी बोलणी ऑथेंटिकेट केलेली हवीत. नाहीतर चोर मधे बसून दोघांशीही खोटं बोलेल. त्यासाठी दोघांकडे एक छोटी गुप्त किल्ली आधीपासून लागतेच.

तर सर, उत्तर असं: चुका कोणी केल्या हे शोधायचंच नाही. सगळ्या चोराने केल्या असं धरायचं आणि त्याला जास्तीत जास्त जेवढं कळलं असेल, तेवढं किल्लीतून कापून टाकायचं.

मार्क गेले ते गेले, पण विषय आता कळला!