क्लच बसला, पण प्लेट गेली नव्हती!

शनिवारची संध्याकाळ, साडेसहा. कराडचा कोल्हापूर नाका. पुढे उसाची ट्रॉली, मागे हॉर्नचा कल्ला, शेजारच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर साखरपुड्याच्या सामानाची पिशवी. न्यूट्रलमधून फर्स्ट टाकायला क्लच दाबला तर पेडल जमिनीला टेकलं आणि वर यायचं नावच घेईना! बुटाच्या टोकाने वर ओढलं, पुन्हा दाबलं. गिअरने नुसता खर्रर्र आवाज केला. हझार्ड लाइट लावले. कॉलेजच्या दोन मुलांनी धक्का मारून गाडी कडेला घेतली आणि आईने विचारलं, "पेट्रोल संपलं का गं?"

आता खरं सांगते. चूक माझीच होती. पेडल दोन आठवडे मऊ लागत होतं. कसं? इडलीवर पाय ठेवल्यासारखं. सकाळी पहिल्यांदा दाबलं की खोल जायचं, दोन-तीनदा पंप केलं की जरा ताठ व्हायचं. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये दाखवलं, तर बॉनेटही न उघडता निदान झालं. "मॅडम, क्लच सेट गेलाय. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं टाकावं लागेल. गिअरबॉक्स उतरवायला लागतो." आकडा पाच अंकी. सेकंडहँड गाडीचा चौथा ईएमआय आणि फ्रीलान्सरचं मानधन कधी येतं, हे ज्यांना माहितेय त्यांना पुढचं सांगायला नको. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाले आणि आईला घेऊन निघाले. रात्री कराडला मावशीकडे मुक्काम, रविवारी पहाटे पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. अकराला मामेबहिणीचा साखरपुडा.

मावसभावाने मलकापूरच्या बाजूचे एक मेकॅनिक काका आणले. आमची गाडी टो करून त्यांच्या शेडमध्ये गेली. मी आपली शहाण्यासारखी म्हणाले, "काका, क्लच प्लेट गेलीय."

"कोण म्हणलं?" काका ड्रायव्हर सीटखाली आडवे होत म्हणाले. "प्लेट गेली असती तर गाडीनं ओढ सोडली असती. हितं गिअरच पडंना."

माझी ट्यूब पेटली ती इथे. हे दोन अगदी उलटे आजार आहेत. प्लेट झिजली की क्लच नीट धरत नाही. चढाला अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही, जळका वास येतो. माझ्या गाडीचा क्लच धरत होता, सुटत नव्हता. खंबाटकी ती तासाभरापूर्वी मस्त चढली होती, वासबीस काही नाही. म्हणजे संशय प्लेटच्या आधी पेडल ते गिअरबॉक्स या रस्त्यावर घ्यायला हवा.

हा रस्ता समजून घेणं अवघड नाही. जुन्या मारुती ८०० मध्ये तिथे एक साधी वायर असायची. माझ्या गाडीत ऑइल आहे. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ऑइल ढकलतो, ते नळीतून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत दाब पोचवतं आणि स्लेव्ह पुढचा फोर्क हलवतो. अकरावीतला पास्कल आठवा. द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणून पायाचा जोर पोचतो. पण त्यात हवा शिरली की आधी हवाच दबते. तीच ती इडली! पेडल वर यायलाही बऱ्याच गाड्यांत हाच दाब मदत करतो, त्यामुळे दाब गेला की पेडल खालीच लोळतं.

मग ऑइल गेलं कुठे? काकांनी डॅशबोर्डखाली, पेडलच्या वर हात घातला आणि ओली बोटं माझ्यासमोर धरली. कार्पेटवर एक काळपट डाग होता, जो मी इतके दिवस सांडलेली कॉफी समजत होते. मास्टर सिलिंडरची रबरं गेली होती. हे तुम्हीही मोबाइलच्या टॉर्चने दोन मिनिटांत बघू शकता. पेडलच्या वर ओलं तर मास्टर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्हच्या रबरी टोपीत ओलं तर स्लेव्ह. कुठेच ओलं नाही, पण दाबून धरलेलं पेडल हळूहळू खचतंय, तर मास्टरमध्ये आतल्या आत गळती असू शकते. काही गाड्यांमध्ये स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत बसवलेला असतो. तो गळला तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. त्यामुळे प्रत्येक मोठं बिल फसवणुकीचं असतं असं नाही, पण आधी ओल तर दाखवा ना राव!

आणि ऑइलची डबी. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच डबीतून पितात आणि क्लचची नळी डबीच्या वरच्या भागाला जोडलेली असते. म्हणजे लेव्हल उतरली की आधी क्लच जातो, ब्रेक शिल्लक राहतो. मी हे ऐकलं आणि उद्याचा कुंभार्ली घाट डोळ्यांपुढे आला. त्या वळणांवर ट्रकच्या मागे, आई शेजारी... नकोच.

काकांनी ओळखीच्या दुकानदाराला फोन करून किट मागवलं. सिलिंडर खोलून आतून नख फिरवलं. ओरखडे असते तर नुसत्या रबरांनी भागलं नसतं, अख्खा सिलिंडर बदलावा लागला असता. आतून गुळगुळीत निघाला.

मग हवा काढायची होती. याला दोन माणसं लागतात. काकांचा पोरगा सुट्टीवर, आणि मला स्लेव्हजवळचा निपल बघायचा होता. सीटवर बसवलं कुणाला? आईला! आयुष्यात कधी स्टिअरिंग हातात न धरलेल्या आईला!

"मावशी, मी म्हणलं की दाबायचं आनि धरून ठेवायचं. मी सांगेस्तवर पाय उचलायचा नाय."

काका ओरडायचे, आई दाबायची. ते निपल सैल करायचे, पारदर्शक नळीतून बाटलीत चहासारखं काळं ऑइल आणि बुडबुडे यायचे. निपल घट्ट झाल्यावरच "सोडा". मध्येच डबीत नवं ऑइल. डबी रिकामी होऊ दिली तर पुन्हा हवा आत आणि सगळं पहिल्यापासून. एकदा आईने घाईत आधीच पाय उचलला आणि काकांनी कपाळावर हात मारला. वीस-पंचवीस वेळा हे झाल्यावर बुडबुडे थांबले आणि आई म्हणाली, "आता कडक लागतंय गं."

हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. माझ्या डबीच्या झाकणावर डॉट ४ लिहिलंय. कोरडं असताना ते किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी प्यायलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. घाटात ब्रेक तापतात तेव्हा हा फरक महागात पडतो. झाकणावर लिहिलंय तेच टाका. इंजिन ऑइल किंवा तसलं काही टाकलंत तर रबरं फुगतात आणि पेडल अडकायला लागतं. गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंगाचे पोपडे निघतात. आणि हो, पेडल अडकतंय म्हणून गॅरेज गाठण्याआधी पायाखालचं मॅट बघा. काकांकडे त्याच आठवड्यात एक जण जाड नवीन मॅट पेडलखाली सरकल्यामुळे आला होता म्हणे!

किट, ऑइल, मजुरी मिळून बाराशे रुपये. यूपीआय केलं तेव्हा साडेनऊ वाजले होते. प्रीतिसंगमावरची भेळ हुकली, ती मावसभावाने घरी आणून ठेवली होती.

रविवारी कुंभार्ली घाटात एकदाही गिअर अडकला नाही. चिपळूणला साखरपुड्यात मुलीकडचे, मुलाकडचे सगळे एकत्र बसले होते आणि आई नवऱ्यामुलाच्या काकांना सांगत होती, "हवा मीच काढली. पाय मात्र मधेच उचलायचा नाही हं!"