राजकन्या का पळत नाही?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. माझ्याकडे दुपारी अभ्यासाला काही मुली येतात. त्यांचा अभ्यास संपल्यावर त्याने लॅपटॉपवर एक जुना गेम लावून दिला, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. नव्वदच्या दशकात ज्यांच्या गावात पहिलावहिला कॉम्प्युटर क्लास निघाला, त्यांना हा नक्की आठवेल. सर जरा बाहेर गेले की पोरं हाच गेम उघडायची. पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र धावायचा, उडी मारायचा, कठड्याला लोंबकळायचा आणि अंदाज चुकला की खालच्या सुळ्यांवर आदळायचा!

खेळ सुरू होण्याआधी एक छोटासा प्रवेश येतो. राजवाड्यातली खोली. एकटी राजकन्या. सुलतान लढाईवर गेलेला. दुष्ट वजीर जाफर आत येतो आणि जादूने वाळूचं घड्याळ उभं करतो. एका तासात माझ्याशी लग्नाला हो म्हण, नाहीतर मर! तिचा प्रियकर तळघरात कैदेत आहे. खेळणाऱ्याने त्याला साठ मिनिटांत तिच्यापर्यंत पोचवायचं.

मुली रंगून गेल्या होत्या. “अगं उडी मार, उडी मार!” म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. त्यांतली आठवीतली एक मात्र गप्प बसून बघत होती. मग एकदम म्हणाली, “काकू, त्या खोलीला दार आहे ना? मग ती राजकन्या का पळत नाही?”

भाचा हसला. म्हणाला, “अगं, गेमच तसा बनवलाय.”

बनवलाय! म्हणजे कुणीतरी बसून ठरवलं की धावायचं कुणी आणि वाट बघत बसायचं कुणी. मैत्रिणींनो, आपण पोरांच्या हातातून मोबाइल हिसकावून घेतो, पण त्या आतलं जग कोण तयार करतं हा प्रश्न मला तरी कधी पडला नव्हता. त्या दिवशी पडला. मग भाच्याला कामाला लावलं आणि मिळेल ते वाचून काढलं.

भाऊ धावला, वडिलांनी सूर दिले

हा गेम बनवला जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने. कॉलेजात असतानाच त्याचा ‘कराटेका’ नावाचा गेम १९८४ मध्ये बाजारात आला होता आणि चांगला चालला होता. १९८५ मध्ये त्याने ‘प्रिन्स’ हाती घेतला आणि तो पूर्ण व्हायला १९८९ साल उजाडलं. एका खेळासाठी चार वर्षं! या काळात तो रोजनिशी लिहीत होता. ती पुढे पुस्तकरूपाने आली, म्हणून पडद्यामागचं इतकं सगळं आज आपल्याला कळतं.

त्याला राजपुत्र खऱ्या माणसासारखा हलायला हवा होता. पण पळताना गुडघा नेमका कसा वाकतो, हात कुठे जातो, हे मनाने काढणं सोपं नसतं. मग त्याने काय केलं? आपल्या शाळकरी भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या जागेत नेलं. पळ, उडी मार, भिंतीवर चढ, लटक! हे सगळं व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपलं. मग टीव्हीवर कॅसेट थांबवून थांबवून एकेका चित्राचा साध्या कॅमेऱ्याने फोटो काढला. फोटो धुऊन आणले. त्यांवर काळ्या मार्करने आणि पांढऱ्या शाईने भावाची आकृती उठावदार केली, झेरॉक्स काढल्या आणि मग ती चित्रं कॉम्प्युटरमध्ये घातली. एका उडीसाठी एवढा खटाटोप. आपण पुरणपोळी करतो तेव्हा पोळी दोन मिनिटांत फस्त होते, पण सकाळपासूनचं शिजवणं, वाटणं कुणाला दिसत नाही, तसंच काहीसं!

तलवारबाजीची हालचाल त्याने १९३८ च्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटातल्या काही सेकंदांच्या दृश्यावरून घेतली. संगीत दिलं त्याच्या वडिलांनी. ते पेशाने मानसशास्त्रज्ञ. राजकन्येसाठीही एका खऱ्या मुलीला कॅमेऱ्यासमोर उभं करून तिच्या हालचाली टिपल्या होत्या.

त्यात तेव्हाच्या कॉम्प्युटरची जागा किती? आज आपण मोबाइलवर रांगोळीचा एक फोटो काढतो, तेवढासुद्धा त्यात मावला नसता. नवा शत्रू हवा होता, पण त्याची चित्रं ठेवायला जागाच उरली नाही. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून पुन्हा वापरली आणि त्याची सावलीच त्याच्यासमोर शत्रू म्हणून उभी केली. आज लोक त्या सावलीचं कौतुक करतात. ती जन्मली मात्र अडचणीतून. रात्रीच्या उरलेल्या भातातून सकाळी फोडणीचा भात करणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणखी एक गंमत. गेम सुरू करून नुसता ठेवला, कुणी बटणाला हात लावला नाही, तर तो आधी राजकन्येचा प्रवेश दाखवतो आणि मग राजपुत्र आपोआप थोडा खेळून दाखवतो. याला ‘डेमो’ म्हणतात. साडीच्या दुकानात दुकानदार आधी पदर उलगडून दाखवतो ना, तसं. बघणाऱ्याचं मन त्या पदरावरच ठरतं.

आणि राजकन्येचं म्हणाल, तर ती अगदीच हातावर हात ठेवून बसलेली नाही. खेळाच्या मध्यावर राजपुत्र एका दारामागे अडकतो, तेव्हा ती एक छोटा उंदीर पाठवते आणि तो उंदीर बटण दाबून दार उघडतो! हे मी त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “उंदराला बाहेर पाठवता येतं, मग स्वतः का जात नाही?” मी काय बोलणार!

पुण्यातली राजी

उत्तर शोधताना भाच्याने मला आपल्या पुण्यातच आणून सोडलं. २०१७ मध्ये श्रुती घोष, अविचल सिंग आणि मूळचे इंग्लंडचे इयन मॉड या तिघांनी पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ नावाची छोटी कंपनी काढली. लहानपणापासून जे गेम खेळलो त्यांत आपल्याकडच्या कथा, आपली चित्रं का नाहीत, ही त्यांची खंत. प्रेरणास्थानांमध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चं नाव होतंच! त्यांनी ठरवलेल्या खेळाचं नाव ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’.

याचा पहिला प्रवेश ऐका. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू. ही पोरकी भावंडं खेळ करून पोट भरतात. राजी कसरती करते. राक्षस हल्ला करतात आणि मुलांना पळवून नेतात, त्यात गोलूही जातो. राजी त्याला शोधायला निघते आणि दुर्गादेवी तिच्या हाती त्रिशूळ देते. ज्या भावाच्या हातावर बहीण राखी बांधते, त्याचं रक्षण करायला इथे बहीणच धावते आहे!

देवदानवांच्या मागच्या कथा यात सावल्यांच्या बाहुल्यांमधून सांगितल्या आहेत. त्या बघताना मला कुडाळजवळच्या पिंगुळीचे आपले ठाकर कलावंत आणि त्यांच्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्या. कथा सांगतात स्वतः दुर्गा आणि विष्णू. रंगसंगती पहाडी लघुचित्रांवरून घेतलेली, महाल राजस्थानी धाटणीचे. या सगळ्या चित्रांची बाजू सांभाळली श्रुती घोष यांनी.

पण पैसे? त्यांनी खेळाचा एक छोटा भाग, म्हणजे डेमो, तयार केला आणि २०१७ च्या अखेरीस ‘किकस्टार्टर’वर ठेवला. ही इंटरनेटवरची वर्गणीच म्हणा ना. नियम असा की ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे हाती येतात. थोडी जरी कमी पडली तरी सगळं परत!

डेमो छोटा असतो, पण काम छोटं नसतं. एका खोलीचं घर बांधायचं तरी पाया, भिंती, नळ, वीज सगळं लागतंच. राजीचं चालणं, त्रिशूळ फिरवणं, राक्षस, महाल, उजेड, आवाज, सगळं आधी उभं करावं लागलं.

आणि एवढं करूनही रक्कम जमली नाही. मोहीम फसली.

इथे बहुतेक घरांत काय बोललं गेलं असतं ते तुम्हा-आम्हाला पाठ आहे. “झालं समाधान? आता नोकरी बघा!” या मंडळींनी मात्र काम सोडलं नाही. एका संस्थापकाने आपला फ्लॅट विकला आणि त्या पैशांवर कंपनी चालू ठेवली. २०१८ मध्ये, हे गेम ज्या ‘अनरिअल’ नावाच्या प्रणालीवर बनतात, तिच्या कंपनीकडून त्यांना अनुदान मिळालं. डेमोचा पदर आवडलेलं कुणीतरी होतं म्हणायचं! ऑगस्ट २०२० मध्ये, कोरोनाने सगळे घरात कोंडलेले असताना, ‘राजी’ आधी निन्टेन्डोच्या यंत्रावर आला आणि ऑक्टोबरमध्ये बाकी ठिकाणी. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन होतं. पुरस्कार मिळाला नाही, पण जगातल्या निवडक पाचांत पुण्याचं नाव लागलं.

फॉर्म भरायचा का?

हे सगळं मी त्या मुलीच्या आईला सांगितलं, त्याला कारण होतं. ही मुलगी वहीच्या मागच्या पानांवर सतत चित्रं काढते. तिला शाळेतून चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायचं होतं. आई शिवणकाम करून घर चालवते. ती म्हणाली होती, “ताई, चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय? त्यापेक्षा दोन सदरे शिवायला शिकली तर कामाला येईल.”

तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. फ्लॅट विकायला आधी फ्लॅट असावा लागतो! ‘राजी’ बनवणाऱ्यांनाही भाग्य आयतं मिळालं नव्हतं, आणि असे कितीतरी डेमो पुढे कधी खेळ होतच नाहीत, हेही मी तिला सांगितलं. मुलीला मोबाइल देऊन मोकळी हो, असंही मी म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, की या खेळांत भिंती, कपडे, दागिने, चेहरे कुणीतरी हाताने रेखाटलेले असतात आणि त्या कामाचा पगार मिळतो. ते काम कुणी करायचं हे जर फक्त मुलगेच ठरवत राहिले, तर राजकन्या खोलीतच बसणार. मेकनरच्या हाताशी भाऊ होता, म्हणून भाऊ धावला. त्यात त्याचा दोष नाही. पण आपल्या मुली त्या टेबलापर्यंत पोचल्या, तर त्यांच्या मनातलीही कुणी धावेल.

तिने लगेच काही उत्तर दिलं नाही. हातातलं काम पूर्ण केलं, दोरा दाताने तोडला आणि विचारलं, “परीक्षेची फी किती असते?”

फॉर्म भरला आहे. अट एकच, गणिताचे मार्क कमी पडता कामा नयेत. आणि सदरा शिवायलाही ती शिकतेच आहे. आई म्हणते, “राजीचे कपडे काढायचे तर शिवण कुठे येते ते कळायला नको?”