भाद्रपदातला हिशेब

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभरातील शेतकरी कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा प्रत्येक घराला दोनदा भेट देण्यात आली. पहिल्या भेटीत जुलै ते डिसेंबर २०१८ चा आणि दुसऱ्या भेटीत जानेवारी ते जून २०१९ चा जमाखर्च विचारण्यात आला. खरिपानंतरचे घर आणि रब्बीनंतरचे घर एकाच बैठकीत कळत नाही, हे त्या मांडणीतच गृहीत होते. या पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. मात्र त्यात केवळ रोख खर्च वजा केलेला होता आणि घरचे बियाणे, शेणखत अशा पदरच्या निविष्ठांचीही किंमत धरली की तोच आकडा ८,३३७ वर येत होता. शिवाय १०,२१८ मध्ये मजुरीचा वाटा ४,०६३ रुपये आणि पिकाचा ३,७९८ रुपये होता, म्हणजे सरासरी शेतकरी घर पिकापेक्षा मजुरीवर अधिक चालत होते.

मराठवाड्यातील कोरडवाहू सोयाबीन, तूर आणि हरभरा घेणाऱ्या घरात पिकाचा मोठा पैसा वर्षातून जेमतेम तीनदा येतो: सोयाबीनचा दिवाळीच्या आगेमागे, तुरीचा संक्रांतीनंतर आणि हरभऱ्याचा शिमग्याच्या सुमारास. उलट किराणा, औषधपाणी, मोबाइलचे रिचार्ज आणि बचत गटाचा हप्ता दर महिन्याला ठरलेला असतो. दुधाचे बिल, मजुरी, लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये अशा लहान पण नेमाने येणाऱ्या रकमांतून हा मासिक खर्च भागतो की नाही, हे तपासणे हा घरहिशेबाचा पहिला भाग होय, कारण जी तूट राहते ती गुपचूप पिकाच्या पैशावर किंवा पीक कर्जावर पडते. बँकांनाही हे ठाऊक आहे. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवताना लागवडखर्चाच्या जोडीला १० टक्के रक्कम काढणीपश्चात आणि घरगुती गरजांसाठी धरली जाते. घरात मात्र तो भाग वेगळा लिहिला जात नाही, आणि मग बियाण्यासाठी काढलेले कर्ज शाळेच्या फीमध्ये किती गेले हे कोणालाच सांगता येत नाही.

हिशेबाला बसण्याची वेळ बहुतेक घरांत पैसा हाती आल्यावर येते. तोवर निर्णय होऊन गेलेले असतात. म्हणून वर्षभराच्या बैठकांपैकी सर्वांत उपयोगी, आणि सर्वांत दुर्लक्षित, बैठक भाद्रपदातली म्हणावी लागेल. गौरी-गणपतींचा खर्च आटोपलेला असतो, फवारण्या झालेल्या असतात, कृषी सेवा केंद्राची उधारी जवळजवळ पूर्ण चढलेली असते, आणि शेंगा भरत असल्याने उताऱ्याचा अंदाजही बांधता येतो. राहतो तो काढणी-मळणीचा खर्च. समजा, पाच एकरांत एकरी सहा क्विंटलप्रमाणे तीस क्विंटल सोयाबीन अपेक्षित आहे आणि भाव ४,२०० रुपये धरला आहे. दुकानाची उधारी ३५,०००, काढणीचे गुत्ते आणि मळणीयंत्र मिळून १८,००० आणि हरभऱ्याच्या पेरणीसाठी १०,००० असे ६३,००० रुपये लगेच लागणार असतील, तर त्यासाठी पंधरा क्विंटल विकणे पुरेसे ठरते. ही आकडेमोड झालेली नसली की तीसही क्विंटल ओलावा असतानाच, आवक सर्वाधिक असलेल्या आठवड्यात अडत्याकडे जातात.

उरलेल्या पंधरा क्विंटलांसाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. यात माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी सहा टक्के वार्षिक व्याजाने मिळते. वरच्या उदाहरणात ते ४७,२५० रुपये होतात आणि सहा महिन्यांचे व्याज सुमारे १,४१८ रुपये, म्हणजे क्विंटलमागे पंच्याण्णव रुपयांच्या आत. तीच रक्कम सावकाराकडून ‘शेकडा दोन’ने, म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये किंवा वर्षाला २४ टक्क्यांनी घेतली, तर सहा महिन्यांत ५,६७० रुपये जातात. अर्थात ठेवलेल्या मालाचा भाव वाढेलच याची हमी कोणी देत नाही, आणि प्रत्येक बाजार समिती ही योजना राबवतेच असेही नाही. पण हे विचारून ठेवण्याचा, तसेच हमीभावाच्या खरेदीसाठी सातबाऱ्यावरील पीक पाहणीची नोंद तपासण्याचा काळ काढणीआधीचाच असतो. या खरेदीत सोयाबीनची आर्द्रता साधारणपणे १२ टक्क्यांच्या आत असावी लागते, त्यामुळे वाळवणीचे दिवसही हिशेबात धरावे लागतात.

या बैठकीत घरातील बाई नसेल तर हिशेब अर्धाच होतो. किराणा दुकानाची वही, गटाचे कर्ज, फायनान्स कंपनीचे हप्ते आणि माहेरहून आणलेले हातउसने हे सारे बहुधा तिच्याच डोक्यात असते, तर मालविक्रीची पट्टी आणि सोसायटीतले पीक कर्जाचे खाते पुरुषाकडे असते. कर्जाचा कागद कुळाच्या हाती असावा यासाठी १८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने सावकारांवर पावती आणि खातेउतारा देण्याचे बंधन घातले होते. घराच्या आत मात्र ही माहिती आजही दोन ठिकाणी वाटलेली राहते.

सालगड्याचा करार गुढीपाडव्याला होतो आणि खरीप पीक कर्ज भरण्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून या सुमारास घर पुन्हा हिशेबाला बसतेच. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राची आणि डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतील राज्याची सवलत मिळून २०२१-२२ पासून ते बिनव्याजी पडते. परंतु अनेकजण ‘नवे-जुने’ करतात, म्हणजे खासगी उसनवारीने जुने कर्ज भरून, नवे मंजूर होताच ती उसनवारी परत करतात. लाखभर रुपये आठ दिवसांसाठी शेकडा पाचने घेतले आणि व्याज पूर्ण महिन्याचे मोजावे लागले, तर बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या कर्जावर पाच हजार रुपये गेलेले असतात, आणि ते सोसायटीच्या खातेउताऱ्यात कुठेच दिसत नाहीत.