बेलपाड्यातल्या घरांचे कोळी : केरसुणीपासून फवाऱ्यापर्यंत

पनवेल तालुक्यातल्या बेलपाड्यासारख्या भातशेतीच्या गावात कोळ्यांना घराबाहेर ठेवण्याचे वेगळे तंत्र कधी नव्हते. कुडाच्या किंवा विटांच्या भिंती, वर कौले आणि आत चूल. चुलीच्या धुराने वासे काळे पडत. त्या काजळीत लोंबणारी जळमटे गणपतीपूर्वी आणि दिवाळीपूर्वी बांबूच्या टोकाला केरसुणी बांधून उतरवली जात. पुढची साफसफाई येईपर्यंत कोळी आणि माणसे एकाच छपराखाली नांदत.

भीती मात्र जुनी होती. अंगावर जळजळीत फोड उठले की ‘कोळी मुतला’ असे आजही म्हटले जाते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात लूतांचे, म्हणजे कोळ्यांचे, सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांतले आठ कष्टसाध्य आणि आठ असाध्य. त्यांचे विष लाळ, नखे, मूत्र अशा सात वाटांनी उतरते, असेही तिथे म्हटले आहे. प्रत्यक्षात कोळ्याचे विष माणसाला बाधते ते दंशातूनच. ज्या फोडांचा दोष कोळ्यावर जातो ते बहुधा नागीण या विषाणुजन्य आजाराचे असतात, किंवा पावसाळ्यात दिव्याकडे येणारा पेडरस हा लहानसा भुंगेरा त्वचेवर चिरडल्याने उठलेले असतात.

घराच्या भिंतींवर विष पोचले ते मलेरियामुळे. 1946 मध्ये तत्कालीन मुंबई प्रांतातल्या कॅनरा आणि धारवाड जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली डीडीटीची फवारणी झाली. 1953 मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम आणि 1958 मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तशी हीच पद्धत देशभर गेली. भिंतीवर पांढरट थर ठेवणारी ही फवारणी डासांसाठी होती, तरी घरातले किडे-कोळीही तिने मरतील अशी लोकांची अपेक्षा असे. हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीचा डीडीटी बनवणारा एक कारखाना पुढे पनवेलजवळच रसायनीला उभा राहिला. शेतीतला डीडीटीचा वापर 1989 मध्ये थांबला आणि घरोघरी ‘गॅमेक्सिन पावडर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीएचसीवर 1997 मध्ये बंदी आली. त्यांची जागा सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारख्या पायरेथ्रॉइड औषधांनी घेतली. पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या पंपात आज मुख्यतः तीच असतात.

कोळ्यांवर मात्र हे थर फारसे चालले नाहीत, आणि त्याचे कारण कोळ्याच्या चालण्यात आहे. घरात सर्रास दिसणारा मोठा चपटा शिकारी कोळी (हेटेरोपोडा व्हेनाटोरिया) भिंतीवर असतो तेव्हा आठ पायांची केवळ टोके भिंतीला टेकतात, पोट अधांतरी राहते. झुरळ पोट घासत सरपटते आणि पाय-मिशा तोंडात घेऊन साफ करते, म्हणून विष त्याच्या पोटात जाते. कोळ्याच्या अंगाला त्या मानाने थोडेच लागते. जाळ्यात टांगून राहणाऱ्याचा तर भिंतीशी संबंधच कमी. थेट अंगावर फवारा बसला तर कोळी मरतो, पण तेवढ्यासाठी केरसुणी पुरेशी असते.

दरम्यान गावही बदलले. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना 1970 मध्ये झाली आणि बेलपाड्याच्या भोवती खारघर उपनगर उभे राहिले. 1998 मध्ये लोकल पनवेलपर्यंत गेली आणि 2023 मध्ये मेट्रोचे बेलपाडा स्थानक सुरू झाले. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये रात्रभर जळणारे दिवे. पहिल्या पावसानंतर या दिव्यांवर किडे तुटून पडतात, आणि किडे तिथे कोळी. इमारतींच्या जिन्यांत आणि डक्टमध्ये आता राज्य आहे ते लांब काटकुळ्या पायांच्या क्रॉसोप्रिझा लायोनी या कोळ्याचे. त्याची विस्कळीत जाळी धूळ धरून राखाडी होतात आणि खालच्या फरशीवर पांढरे ठिपके पडतात. मादी अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून उलटी लटकते, जाळे हलले की सारे अंग गरगर हलवते. सोसायट्यांच्या तक्रारी मुख्यतः याच्याच असतात. तो माणसाला अपाय करत नाही, उलट डास खातो. डेंगी पसरवणारा एडिस डासही त्याच्या भक्ष्यात आहे.

खरोखर धोकादायक कोळी या भागातल्या घरांत विरळा. काळ्या विधवा कोळ्याच्या गणातल्या, म्हणजे लॅट्रोडेक्टसच्या, जाती भारतात नोंदल्या गेल्या आहेत. झाडांच्या ढोलीत राहणारा केसाळ पोसिलोथेरिया महाराष्ट्रातही आढळतो. त्याच्या दंशाने तीव्र वेदना होतात आणि स्नायूंत पेटके येतात. रायगड जिल्ह्यात जीव घेतले ते कोळ्याच्या भाऊबंदाने, लाल विंचवाने. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ऐंशीच्या दशकात प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाचे मृत्यू रोखण्याचा मार्ग दाखवला. घरातल्या अडगळीची, विटा-लाकडांच्या ढिगाची भीती बाळगायची तर ती विंचवासाठी बाळगावी.

इतक्या वर्षांनंतर खात्रीचे उपाय साधेच उरले आहेत. जाळी काढताना अंड्यांची पिशवी शोधून नष्ट करावी, कारण एकेका पिशवीतून शेकडो पिल्ले निघू शकतात. खिडक्यांना बारीक जाळी लावावी, एसीच्या पाइपभोवतीची फट बुजवावी, दाराबाहेरचा पांढरा दिवा पिवळा करावा किंवा रात्री बंद ठेवावा. मोठा शिकारी कोळी पसरट डब्याखाली धरून, खाली पुठ्ठा सरकवून बाहेर सोडता येतो. दंश झालाच तर जागा साबणाने धुवावी, गार पट्टी ठेवावी. चिरा देऊ नयेत, आवळून बांधू नये. सापाच्या विषावरचे प्रतिविष इथे लागू पडत नाही. पेटके आले, घाम फुटला किंवा दंश झालेले लहान मूल असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.