संगणकाच्या अंतरंगात, लेखांक ६ : आधी रॅम मागे घ्या

प्रोसेसरचा वेग म्हणजे मूळ क्लॉक गुणिले मल्टिप्लायर, हे गणित आपण गेल्या आठवड्यात मांडलं. त्याच क्लॉकला दुसऱ्या बाजूने रॅमही बांधलेली असते, हे तेव्हा मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. कारण ओव्हरक्लॉकिंग शिकणारा पहिल्यांदा अडखळतो तो इथेच. मीही इथेच अडखळलो होतो.

२००८ साली मी इंटेलचा कोअर टू क्वाड क्यू६६०० घेतला. २६६ मेगाहर्ट्झचा क्लॉक, ९चा मल्टिप्लायर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. मल्टिप्लायर ९च्या वर जात नसे, त्यामुळे वाढवायचा तो क्लॉकच. मी २६६चे ३३३ केले. ३ गिगाहर्ट्झ मिळायला हवे होते. पंखे फिरले, थांबले, पुन्हा फिरले, स्क्रीन काळीच. प्रोसेसरला ताण झेपत नाही असं समजून मी त्याचं व्होल्टेज वाढवत गेलो. प्रोसेसर बिचारा ठणठणीत होता. माझी रॅम होती डीडीआर२-८००, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झची, आणि बायॉसमध्ये क्लॉक व रॅमचं प्रमाण होतं दोनास तीन. क्लॉक ३३३ झाला तशी रॅम ५०० मेगाहर्ट्झवर गेली. तिला हे झेपणारं नव्हतं.

उपाय एका ओळीचा होता. प्रमाण एकास एक केलं की ३३३च्या क्लॉकला रॅमही ३३३वरच चालते, तिच्या कुवतीच्या बरीच खाली. मग मशीन अडलं तर दोष प्रोसेसरकडे, हे ठामपणे म्हणता येतं. म्हणून माझा आग्रह आहे : प्रोसेसरची मर्यादा शोधायची असेल तेव्हा रॅम मागे घ्या, प्रोसेसर स्थिर करा, आणि मगच रॅमला हात लावा. दोन्ही एकदम वाढवलंत तर चूक कुठे झाली ते रात्रभर शोधत बसाल.

आता टायमिंग. रॅमच्या पट्टीवर ५-५-५-१५ किंवा १६-१८-१८-३८ असे आकडे छापलेले असतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रॅममध्येही माहिती अशीच ओळींच्या गठ्ठ्यांत असते. पहिला आकडा, सीएल, म्हणजे रुमाल उघडा असताना हवा तो कागद हातात यायला लागणारे ठोके. दुसरा म्हणजे रुमाल सोडायला लागणारे, तिसरा तो पुन्हा बांधायला लागणारे. चौथा सांगतो की एकदा सोडलेला रुमाल निदान इतके ठोके उघडा राहिला पाहिजे. हे सगळे आकडे क्लॉकच्या ठोक्यांचे आहेत, वेळेचे नाहीत, आणि घोळ होतो तो यामुळेच. डीडीआर४-३२००चा क्लॉक १६०० मेगाहर्ट्झचा. तिथे सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. डीडीआर४-३६००ला सीएल १८ म्हणजेही १० नॅनोसेकंदच. ठोके जलद पडू लागले तरी रुमाल सोडणारा हात तेवढ्याच वेगाचा असतो, म्हणून वेग वाढवताना हे आकडेही वाढवावे लागतात. दुकानात नुसता मोठा वेग पाहून पट्टी उचलू नका. सीएलला क्लॉकने भागून पाहा.

आजच्या मशीनमध्ये मल्टिप्लायर खुला असलेला प्रोसेसर घेतला की मूळ क्लॉक १०० मेगाहर्ट्झवरच ठेवता येतो, आणि प्रोसेसर वाढवल्याने रॅम आपोआप पळत नाही. पण नातं तुटलेलं नाही. मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरच्याच पोटात आहे. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत आतल्या दळणवळणाचा क्लॉक रॅमच्या बरोबरीने चालला तर उत्तम. डीडीआर४-३६००ला दोन्ही १८००वर जुळतात. त्याच्या फार पुढे गेलं की बहुतेक प्रोसेसरांत ही बरोबरी टिकत नाही, कंट्रोलर निम्म्या वेगावर उतरतो आणि जास्त पैसे मोजून घेतलेली रॅम प्रत्यक्षात उशिरा उत्तर देते. पट्ट्या किती आहेत यानेही फरक पडतो. रायझन ७०००ला दोन पट्ट्यांवर डीडीआर५-५२००ची अधिकृत हमी आहे, चार लावल्या की ती ३६००वर येते. रॅमला वाढीव वेगावर नेणारा एक्सएमपी किंवा एक्स्पो हा एका कळीचा पर्याय चालू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच असतं. तेव्हा प्रोसेसर तपासताना तोही बंद ठेवा.

खरी काळजी मात्र वेगळीच आहे. प्रोसेसर फार ताणला की मशीन बहुधा तिथल्या तिथे बंद पडतं आणि आपल्याला कळतं. रॅम थोडीशीच ताणली तर मशीन चालत राहतं आणि एखादा बिट चुपचाप उलटतो. एकास एक प्रमाणावर सगळं सुरळीत झाल्यावर मी रॅम हळूहळू वर नेली. विंडोज सुरू झालं, गाणी वाजली, खेळ चालले, म्हणून मी समाधानी होतो. त्याच दिवसांत आईच्या साठीशांतीचे फोटो कॅमेऱ्यातून उतरवून घेतले आणि कार्ड पुसलं. महिन्याभराने ते उघडले. औक्षणाच्या फोटोत आईच्या कपाळापर्यंतचा भाग स्वच्छ होता आणि त्याखाली नुसता करडा पट्टा. असे अकरा फोटो निघाले. त्या रात्री मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला, तर चाळीस मिनिटांतच लाल ओळी आल्या.

तेव्हापासून रॅमच्या एकाही आकड्याला हात लावला की मी मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवतो. एकही चूक चालत नाही. एक जरी दिसली तरी वेग एक पायरी खाली. ही तपासणी विंडोज सुरू व्हायच्या आधी करायची असते, कारण बिघडलेल्या रॅमवर विंडोज चालवलं तर तेही डिस्कवर चुकीचं लिहून ठेवू शकतं. सेटिंग पार फसून स्क्रीनच आली नाही तर वीज काढा, मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटणबॅटरी पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा. बायॉस मूळ आकड्यांवर येतो.

पुढच्या आठवड्यात व्होल्टेज. तोवर ज्यांना प्रयोग करायचा आहे त्यांना एकच विनंती : बायॉस उघडण्याआधी घरच्या फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क मशीनपासून सोडवून कपाटात ठेवा.