सी ड्राइव्हमधली जागा गेली कुठे?

लॅपटॉप फुल झाला की पहिला सल्ला मिळतो, 'फॉरमॅट मार!' जरा थांबा. हरवलेली जागा बहुतेक वेळा ड्राइव्हमध्येच असते, फक्त आपल्याला दिसत नाही. ती शोधायची कशी आणि मोकळी करायची कशी, त्याची ही गोष्ट.

सबमिशन परवावर आलंय. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावलाय आणि शेवटच्या टप्प्यावर स्क्रीनवर मेसेज येतो, डिस्क फुल. 'धिस पीसी' उघडून बघावं तर सी ड्राइव्हची निळी पट्टी लालभडक झालेली. मग सुरू होते कापाकापी. डाउनलोड केलेले सिनेमे उडतात, फर्स्ट इयरच्या नोट्स उडतात, ट्रिपचे फोटो पेनड्राइव्हवर जातात. एवढं करून हाती लागतात ५ जीबी. आठवडाभरात पट्टी पुन्हा लाल!

अशा वेळी ग्रुपमधला कुणीतरी टेक्नोसॅव्ही मित्र सांगतोच, 'फॉरमॅट मार, सगळं मोकळं होईल.' होईल की. घरच पाडलं तर माळ्यावरची अडगळ जाणारच. पण त्या लॅपटॉपमध्ये तुमचा प्रोजेक्ट असतो. शिवाय आपल्यापैकी अनेकांच्या घरी लॅपटॉप एकच असतो. त्यात बाबांची इन्कम टॅक्सची कागदपत्रं असतात, ताईचे लग्नाचे फोटो असतात, धाकट्याचे ऑनलाइन क्लासचे व्हिडिओ असतात. तुम्ही साफ करता ती जागा तुमच्या एकट्याची नसते. म्हणून नियम साधा आहे : आधी बघायचं, मग उडवायचं.

एक बेरीज करून बघा. सी ड्राइव्ह उघडा, समोर दिसणारे सगळे फोल्डर सिलेक्ट करा आणि राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. समजा बेरीज आली ११० जीबी. आता सी ड्राइव्हचीच प्रॉपर्टीज बघा. तिथे लिहिलंय, वापरलेली जागा १५० जीबी. मधले ४० जीबी कुठे गेले? व्हायरस? तसं असायची शक्यता फार कमी. त्या जागेवर कोण बसलंय हे विंडोज तुम्हाला सहजासहजी दाखवत नाही, एवढंच.

मुळात जागा होती किती?

पहिला धक्का तर लॅपटॉप नवा असतानाच बसतो. खोक्यावर ५१२ जीबी आणि स्क्रीनवर ४७६. म्हणजे दुकानदाराने ३६ जीबी खाल्ले? नाही. इथे कुणीच काही खाल्लेलं नाही, फक्त मोजायची पट्टी वेगळी आहे.

ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्या १ जीबी म्हणजे बरोबर १०० कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १,०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे त्याचा १ जीबी होतो सुमारे १०७ कोटी ३७ लाख बाइटचा. माप मोठं असलं की आकडा लहान येणारच. आजीची नऊवारी मीटरने मोजली तर सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते, म्हणून काही साडीतलं कापड कमी होत नाही. तसंच हे. २५६ जीबीची ड्राइव्ह २३८ दिसते, १ टीबीची ९३१.

हा गोंधळ नवा नाही. १,०२४ च्या हिशेबासाठी 'किबी', 'मेबी', 'गिबी' अशी वेगळी नावं १९९८ मध्येच ठरवण्यात आली. ॲपलने २००९ मध्ये मॅकवर सरळ १०० कोटींचा हिशेब स्वीकारला. विंडोज मात्र मोजतं गिबीबाइटमध्ये आणि पुढे लिहितं जीबी. तेव्हा हे ३६ जीबी शोधत बसू नका. ते हरवलेलेच नाहीत.

न दिसणारे भाडेकरू

आता खरोखर जागा अडवून बसलेल्यांकडे येऊ. यातले बरेच जण हिडन असतात, म्हणून आपल्या बेरजेत येत नाहीत.

पहिली 'हायबरफिल' नावाची फाइल. लॅपटॉप हायबरनेट करताना रॅममधलं सगळं या फाइलमध्ये ठेवलं जातं. विंडोज १० आणि ११ मध्ये ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते. १६ जीबी रॅम असेल तर ६ जीबींहून जास्त जागा ही एकटीच घेते. हायबरनेट कधीच वापरत नसाल तर ती घालवता येते. कमांड प्रॉम्प्ट 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडायचं, इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', मग स्पेस, तिरकी रेघ आणि 'एच', पुन्हा स्पेस आणि 'ऑफ' असं टाइप करून एंटर. फक्त एक लक्षात घ्या, यामुळे 'फास्ट स्टार्टअप'ही बंद होतं, लॅपटॉप सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागू शकतो. बॅटरी वारंवार दगा देत असेल तर मात्र हायबरनेट राहू दे.

दुसरी 'पेजफाइल'. रॅम कमी पडली की विंडोज ड्राइव्हचा हा तुकडा रॅमसारखा वापरतं. मोठी दिसली तरी हिच्या वाटेला जाऊ नका. ती बंद केली आणि एडिटिंगच्या मध्येच सॉफ्टवेअर कोसळलं, तर वाचवलेले जीबी महागात पडतील.

तिसरं आहे 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर. विंडोजचं मोठं अपडेट झालं की जुनं विंडोज या फोल्डरमध्ये जपून ठेवलं जातं, नवं पटलं नाही तर मागे जाता यावं म्हणून. हे सहज १०-२० जीबी असू शकतं. साधारण १० दिवसांनी ते आपोआप जातं. तोवर थांबायचं नसेल तर खाली सांगितलेल्या मार्गानेच काढा, हाताने डिलीट करू नका. एक मात्र तपासा. कुणी फॉरमॅट न करता विंडोज नव्याने टाकून दिलं असेल, तर तुमच्या जुन्या डेस्कटॉपवरच्या फाइल याच फोल्डरमध्ये अडकलेल्या असू शकतात. आधी त्या बाहेर काढा.

चौथे 'रिस्टोअर पॉइंट'. बिघाड झाला तर मागच्या तारखेला परतता यावं म्हणून विंडोज सिस्टीमचे असे टप्पे साठवतं. सर्चमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' टाइप केलं की त्यांच्यासाठी किती जागा राखलीय ते दिसतं आणि मर्यादा कमी करता येते. पूर्ण बंद करायची गरज नाही.

शिवाय विंडोज स्वतःच्या अपडेटसाठीही जागा राखून ठेवतं. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून नव्या लॅपटॉपमध्ये साधारण ७ जीबी अशी बाजूला ठेवलेली असते. ती राहू द्या.

आधी नकाशा काढा

अडगळ कुठे आहे हे एकेक फोल्डर उघडून शोधायला गेलात तर रात्र संपेल. त्यापेक्षा ड्राइव्हचा नकाशा काढा. 'विनडिरस्टॅट' आणि 'विझट्री' ही दोन सॉफ्टवेअर त्यासाठी आहेत. पहिलं सगळ्यांसाठी फुकट, दुसरं घरगुती वापरासाठी. ती 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा, नाहीतर हिडन भाडेकरू इथेही पूर्ण दिसत नाहीत. स्क्रीनवर रंगीत चौकोनांची गोधडी उमटते. जितकी फाइल मोठी, तितका चौकोन मोठा. सगळ्यात मोठ्या ठिगळावर क्लिक केलं की फाइलचं नाव आणि पत्ता समोर.

या गोधडीला 'ट्रीमॅप' म्हणतात आणि तिचा जन्मच मुळी फुल झालेल्या डिस्कमुळे झाला. १९९० मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या एका लॅबमध्ये १४ जण मिळून ८० एमबीची एकच हार्ड डिस्क वापरत होते. ती सारखी भरायची आणि कुणी किती जागा खाल्लीय ते काही कळेना. तेव्हा प्राध्यापक बेन श्नायडरमन यांनी फोल्डरांच्या याद्यांऐवजी सगळी डिस्क एका चित्रात बसवायची ही पद्धत शोधून काढली. आज शेअर बाजाराचे चढ-उतार दाखवायलाही ट्रीमॅप वापरतात. सुरुवात मात्र आपल्यासारख्याच वैतागातून झाली होती.

आपला स्वतःचा माळा

नकाशा काढलात की बहुतेकांना कळतं, सगळा दोष विंडोजचा नाही. 'युजर्स' फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली 'ॲपडेटा' नावाचा हिडन फोल्डर असतो. ब्राउझर, गाण्यांची ॲप, गेम, चॅटिंग ॲप सगळे आपापला कॅश इथे रचून ठेवतात.

मास मीडियाच्या पोरांनी एडिटिंग सॉफ्टवेअरचा 'मीडिया कॅश' बघावा. प्रोजेक्ट सबमिट होऊन सहा महिने झाले तरी त्याचा कॅश तिथेच असतो. तो सॉफ्टवेअरच्या 'प्रेफरन्सेस'मधून साफ करता येतो. मूळ फुटेज ड्राइव्हवर असेल तर गरज पडल्यावर कॅश पुन्हा तयार होतो. इंजिनीअरिंगवाल्यांनी अँड्रॉइड स्टुडिओने बनवलेले खोटे मोबाइल, म्हणजे एम्युलेटर मोजावेत. एकेक कित्येक जीबींचा असतो. लॅपटॉपवर आयफोनचा बॅकअप घेत असाल तर जुन्या फोनचा बॅकअपही सापडेल. आणि अर्थात 'डाउनलोड्स'. एकच पीडीएफ पाच वेळा उतरवलेली, इन्स्टॉल होऊन गेलेल्या सॉफ्टवेअरच्या सेटअप फाइल, रिसायकल बिनमध्ये पडून राहिलेले सिनेमे. बिन रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही, हेही अनेकदा विसरलं जातं.

साफसफाईचा अधिकृत मार्ग आहे 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'स्टोरेज' आणि तिथे 'टेम्पररी फाइल्स'. विंडोज डॉट ओल्डही इथूनच जातं. पण सगळ्या चौकटींवर डोळे मिटून टिक करू नका. त्या यादीत 'डाउनलोड्स'चीही चौकट असते. नावाला टेम्पररी फाइल आणि त्यात तुमचं हॉल तिकीट! तसंच 'वनड्राइव्ह'चं. तिथली फाइल डिलीट केली तर ती क्लाउडवरूनही जाते. फक्त लॅपटॉपवरची जागा हवी असेल तर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा.

अख्खा तुकडाच गायब?

कधीकधी फाइलचा प्रश्न नसतोच, ड्राइव्हचा एक भागच दिसत नाही. जुना लॅपटॉप विकत घेतला किंवा कुणी लिनक्स टाकून नंतर काढलं की असं होतं. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. काळ्या पट्टीखाली 'अनॲलोकेटेड' लिहिलेलं दिसलं तर ती बेवारस जागा तुमचीच आहे. ती सी ड्राइव्हला अगदी लागून उजवीकडे असेल तर सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करता येतं. मध्ये 'रिकव्हरी'चा तुकडा आला तर तो पर्याय फिकट होतो. अशा वेळी त्या तुकड्याशी खेळू नका. मोकळ्या जागेचा 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम' करा, नवी ड्राइव्ह मिळेल.

इथे एक धोका आहे. लिनक्सचा भाग विंडोजला वाचता येत नाही, मग ते विचारतं, 'ही ड्राइव्ह वापरायची तर फॉरमॅट करू का?' उत्तर : नाही. आत कुणाचं काय आहे ते कळेपर्यंत तर नाहीच.

हात लावू नका!

• विंडोज फोल्डरमधल्या 'विनएसएक्सएस', 'सिस्टीम ३२' आणि 'इन्स्टॉलर' या फोल्डरमधून हाताने काहीही उडवू नका. विनएसएक्सएस दिसतो तेवढा मोठा नसतोही. त्यातल्या बऱ्याच फाइल दुसऱ्या फोल्डरमध्येही दिसतात, पण ड्राइव्हवर त्या एकदाच असतात.
• 'प्रोग्रॅम फाइल्स'मधला फोल्डर डिलीट करू नका. सॉफ्टवेअर 'अनइन्स्टॉल' करा.
• 'एका क्लिकमध्ये लॅपटॉप साफ' म्हणणाऱ्या ॲपपासून लांब राहा.
• जागा कमी पडते म्हणून अगदी स्वस्तात '२ टीबी'चा पेनड्राइव्ह घेऊ नका. नकली पेनड्राइव्ह आतून लहान असतो आणि कॉम्प्युटरला मोठा आकडा सांगतो. मर्यादा संपली की फाइल कॉपी झाल्यासारखी दिसते, पण उघडत नाही. घेतला असेल तर 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू'सारख्या फुकट सॉफ्टवेअरने तो रिकामा असतानाच तपासा.

काहीही उडवण्याआधी प्रोजेक्टची एक प्रत क्लाउडवर आणि एक दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. पूर्वीच्या हार्ड डिस्कवरून डिलीट झालेली फाइल कधीकधी परत मिळवता यायची. आताच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते आणि डिलीट झालेल्या फाइलची जागा ती स्वतःच आतून पुसून टाकते. तिथे 'चुकून झालं'ला फारशी माफी नाही.

एवढं सगळं करूनही पट्टी लालच राहिली, तर जागा खरंच कमी आहे. मग खुशाल मोठी एसएसडी घ्या, पण नकाशा बघून घ्या. फॉरमॅटचा पर्याय कुठे पळून जात नाही, तो सगळ्यात शेवटी ठेवा. आणि दर सेमिस्टरला, परीक्षा संपल्यावर, अर्धा तास काढून ती रंगीत गोधडी एकदा बघत जा. घरातला लॅपटॉप सामायिक असेल तर घरच्यांना शेजारी बसवून बघा. कुठलं ठिगळ कुणाचं आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.