आधी रस्ता, मग सायकल

महाराष्ट्रातल्या किमान दोन पिढ्या ज्या हर्क्युलस आणि बीएसए सायकलींवर शाळा-कॉलेजात गेल्या, त्यांचं मूळ गाव चेन्नईजवळचं अंबत्तूर. मुरुगप्पा उद्योगसमूहाने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स कंपनीशी भागीदारी करून १९४९ मध्ये टीआय सायकल्स सुरू केली. पुढे सायकलला लागणाऱ्या पोलादी नळ्या जवळच्या आवडी इथे तयार होऊ लागल्या आणि चेन अंबत्तूरलाच. त्या सायकली घेताना फारसा विचार करावा लागत नसे. रंग निवडायचा, कॅरिअर आणि स्टँड बसवून घ्यायचा, की झालं.

आज त्याच चेन्नईत रोड बाइक घ्यायला गेलेल्या माणसाची मात्र पंचाईत होते. फ्रेम अल्युमिनियमची की कार्बनची? ब्रेक रिमचे की डिस्कचे? गिअर आठ की बारा? प्रत्येक उत्तरागणिक किंमत हजारोंनी वाढते. दुकानात याची उत्तरं ब्रँडच्या नावाने दिली जातात. खरं तर ती रस्त्याने आणि शरीराने द्यायला हवीत.

चेन्नईचा रस्ता म्हणजे ईस्ट कोस्ट रोड, सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘ईसीआर’. रविवारी उजाडायच्या आत इथे सायकलस्वारांचे घोळके निघतात. कुणी मुट्टुकाडूच्या पुलावरून परततं, कुणी सुमारे ५५ किलोमीटरवरच्या महाबलीपुरमला जातं, तर कुणी थेट दीडशे किलोमीटरवरच्या पुदुच्चेरीला. रस्ता जवळजवळ सपाट. डावीकडे समुद्र, हवेत मीठ आणि दमटपणा. चढ नाही, पण वारा आहे. ईशान्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत दक्षिणेकडे जाताना पाठीवर बसणारा वारा परतीच्या वाटेवर छातीवर येतो.

सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या पुढे सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते आणि त्या हवेला अडवतं ते मुख्यतः त्याचं स्वतःचं अंग. रोड बाइकचं हँडल खाली वळलेलं असतं ते यासाठीच. पाठ जितकी खाली, तितका वारा कमी. पण पाठ किती खाली जाऊ शकते, हे ज्याच्या त्याच्या कमरेवर अवलंबून. म्हणून रोड बाइकमध्ये दोन घराणी आहेत. शर्यतीच्या सायकलीचं हँडल खोल आणि लांब असतं, तर लांब पल्ल्याच्या ‘एन्ड्युरन्स’ सायकलीचं थोडं उंच आणि जवळ. पहिल्यांदा घेणाऱ्याने दुसरीच घ्यावी. साडेतेरा तासांत २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरल्या वेळेत संपवायची लांब फेरी) पुरी करायची असेल, तर मान आणि खांदे शेवटपर्यंत टिकणं वेगाइतकंच महत्त्वाचं.

मापाचा पहिला अंदाज घरीच काढता येतो. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये सीटसारखं वर दाबून धरायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. ते ७८ सेंटिमीटर भरलं, तर त्याला ०.८८३ ने गुणायचं. उत्तर येतं सुमारे ६९. पॅडलच्या दांड्या ज्याभोवती फिरतात, त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण एवढी उंची ठेवून सुरुवात करावी. पॅडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. पाय पुरवण्यासाठी कंबर डोलत असेल, तर सीट उंच आहे. मापात न बसणारी फ्रेम भारीतल्या भारी सुट्या भागांनीही सुधारत नाही. तेव्हा ‘मीडियम शिल्लक नाही, लार्ज घ्या’ असं कुणी म्हटलं, तर सरळ दुसऱ्या दुकानात जावं.

आता गिअर. पुढच्या दोन चक्रांना ५० आणि ३४ दाते, मागच्या चक्रांच्या संचाला, म्हणजे कॅसेटला, ११ ते ३२, अशी जुळणी आज सर्रास मिळते. २५ मिलिमीटरच्या टायरचा घेर सुमारे २.१ मीटर धरला, तर ५०-११ वर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेनऊ मीटर जाते आणि ३४-३२ वर सव्वादोन मीटर. चेन्नईकराला हा दुसरा गिअर क्वचितच लागेल. त्याला हवी ११-२८ सारखी कॅसेट. तिच्या पायऱ्या जवळजवळ असतात, त्यामुळे वारा कमी-जास्त झाला तरी पायांची लय मिनिटाला ८०-९० फेऱ्यांवर राखता येते. कात्रज, खंबाटकी किंवा कसारा घाट चढणाऱ्याने मात्र ११-३४ मागून घ्यावी आणि त्यात कमीपणा मानू नये.

शिमानोच्या उतरंडीत क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस असे ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचे संच, येतात. वर जावं तसं वजन घटतं, १०५ पर्यंत मागच्या चक्रांची संख्या वाढते, गिअर हलका पडतो. पण नीट जुळवलेला सोरा बिघडलेल्या अल्टेग्रापेक्षा कधीही बरा. सपाट शहरात सोरा किंवा टियाग्रावर थांबून उरलेला पैसा चाकं आणि टायरवर घालणं शहाणपणाचं.

कारण फरक तिथे सर्वांत आधी जाणवतो. एकेकाळी २३ मिलिमीटरचे टायर दगडासारखे फुगवून चालवत. आता २८ हे सर्वसाधारण माप झालं आहे. सत्तर किलोच्या माणसाला त्यात ७० ते ८० पीएसआय हवा पुरते. खडबडीत डांबरावर हा टायर उसळत नाही, हात बधिर होत नाहीत आणि वेगही जात नाही. घेण्याआधी फ्रेममध्ये २८, शक्यतो ३२ चा टायर बसतो ना, हे विचारावं. डिस्क ब्रेकच्या सायकलीत ही जागा सहसा मिळते, शिवाय पावसात ब्रेक भरवशाने लागतात.

फ्रेमबद्दल थोडक्यात: पहिल्या सायकलीला अल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा चिमटा पुरेसा आहे. फ्रेम हलकी राहते आणि चिमटा रस्त्याचे हादरे काही प्रमाणात शोषतो. पूर्ण कार्बनने वाचणारं किलो-अर्धा किलो वजन चढावर कामाला येतं, ईसीआरवर त्याचा उपयोग नगण्य.

समुद्राकाठी सायकलीचा खरा शत्रू गंज. मीठ चेनच्या सांध्यांत शिरतं, घाम हँडलच्या टेपखाली मुरतो आणि तिथलं अल्युमिनियम पोखरतो, ग्रीस न लावलेला सीटपोस्ट फ्रेममध्ये कायमचा अडकतो. फेरीहून आल्यावर ओल्या फडक्याने सायकल पुसावी, चेन कोरडी करून प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल सोडावं आणि वरचं जास्तीचं तेल टिपून घ्यावं. महिन्यातून एकदा पट्टीने चेन मोजावी. नव्या चेनमध्ये कोणत्याही पिनेपासून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती एक सोळांश इंच पुढे सरकली, की चेन बदलावी. हयगय केली तर झिजलेली चेन महागडी कॅसेटही खाऊन टाकते.

बजेट ठरवताना हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, जादा ट्यूब आणि टायर काढायचे लिव्हर यांचा खर्च आधीच बाजूला काढावा. दुकान निवडताना चाकाचा आउट काढणारा आणि गिअर जुळवून देणारा हाताचा कसबी मेकॅनिक तिथे आहे का, ते बघावं. आणि पैसे मोजण्यापूर्वी निदान अर्धा तास ती सायकल रस्त्यावर चालवून पाहावी. जे दुकान तेवढी फेरी मारू देत नाही, तिथून रोड बाइक घेऊ नये.